शाळा, उपनगरी क्षेत्रातील सार्वजनिक

शाळा, उपनगरी क्षेत्रातील सार्वजनिक : मोठ्या शहरांच्या सीमेलगत, परंतु त्यांच्या नगरपालिका वा महानगरपालिका हद्दीबाहेर वाढलेल्या वस्त्यांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांनी सार्वजनिक निधीतून चालविलेल्या शाळा व त्यांचे प्रशासन. अशा वस्त्या व्यवसायाने, दळणवळणाने व राहणीने नागरी झालेल्या असतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या ग्रामपंचायतीच्या, म्हणजे ग्रामीण असतात. साहजिकच तेथील शाळा ग्रामीण शासनयंत्रणेकडे राहतात आणि त्यांत शिकणारी मुले नागरी जीवनातून आलेली असतात. या विसंगतीतून उपनगरी शाळांचे बहुतेक प्रश्न निर्माण होतात. महाराष्ट्रात हा प्रकार मुंबई महानगर प्रदेशात, विशेषतः ठाणे जिल्ह्यात, ठळकपणे दिसून येतो. भिवंडी तालुक्यातील कोन हे त्याचे एक प्रातिनिधिक उदाहरण होय.

कोन व परिसर : कोन हे गाव उल्हास खाडीच्या काठी, कल्याण–भिवंडी रस्त्यावर वसले आहे. खाडीच्या एका तीरावर कल्याणचा दुर्गाडी किल्ला व दुसऱ्या तीरावर कोन, अशी त्याची स्थिती असून दुर्गाडी पुलाने ही दोन्ही तीरे जोडली आहेत. पलीकडचे कल्याण हे कल्याण–डोंबिवली महानगरपालिकेत मोडते (स्थापना १९८३, लोकसंख्या सु. १२·५ लाख, २०११), तर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे भिवंडी हे भिवंडी–निजामपूर शहर महानगरपालिकेत मोडते (लोकसंख्या सु. ७·१ लाख, २०११). या दोन महानगरपालिकांच्या मधल्या पट्ट्यात कोन, गोवे, सरवली, राजनोली इ. गावे येतात. सरवली येथील औद्योगिक क्षेत्र, यंत्रमाग, कापडप्रक्रियेचे कारखाने, मुंबई–नाशिक महामार्गालगतची गोदामे आणि कल्याण रेल्वेस्थानकाचे सान्निध्य यांमुळे या पट्ट्यात शेतीचे महत्त्व घटले व चाळी आणि इमारती वाढल्या. कोनची गणना जनगणनेत नगर म्हणून होते. ज्या वस्तीची लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौ. किमी.स किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायांत असतात, तिला नगरपालिका नसली तरी जनगणना ‘नगर’ मानते. तथापि ही केवळ मोजणीची व्याख्या आहे. तिच्यामुळे ग्रामपंचायतीची नगरपालिका होत नाही आणि जिल्हा परिषदेची शाळा नगरपालिकेकडे जात नाही. म्हणून कोनमधील सार्वजनिक प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी ठाणे जिल्हा परिषदेची, तर पूल ओलांडल्यावर तीच जबाबदारी महानगरपालिकेची, अशी विभागणी झालेली आढळते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबई इलाख्यात आधुनिक देशी भाषांतील शाळांचा प्रसार बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी (मूळ संस्था १८२२) व तिच्यानंतरचे शिक्षण मंडळ (बोर्ड ऑफ एज्युकेशन, १८४०) यांच्या कार्यातून झाला. वुडच्या खलित्यानंतर (१८५४) १८५५ मध्ये सरकारी शिक्षण खाते स्थापन झाले. खेड्यांतील शाळांना कायमचे उत्पन्न मिळावे म्हणून १८६३ पासून जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर आकारण्यात येऊ लागला आणि त्याचा एक-तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. शाळेसाठी स्थानिक पातळीवर कर ही कल्पना महाराष्ट्रात येथपासून रूढ झाली. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्यांकडून गोळा होणारा महसूल उच्च वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, याकडे लक्ष वेधले व प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपविण्याची शिफारस केली. त्यास अनुसरून १८८४ च्या कायद्यांन्वये जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आणि नगरपालिका यांच्याकडे शाळांचा कारभार येऊ लागला. ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा शब्दप्रयोग त्या काळापासून ग्रामीण महाराष्ट्रात प्रचलित झाला.

सक्तीच्या शिक्षणाचा विचार पुढील काळात बळावला. बडोदे संस्थानात १९०६ मध्ये व कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या आज्ञेने १९१७ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात फेटाळले गेले. परंतु विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा कायदा संमत झाला. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने जिल्हा लोकल बोर्डे व नगरपालिका यांना प्राथमिक शिक्षणाचे व्यापक अधिकार दिले. त्या अधिकारांच्या वापरात नेमणुका व बदल्या यांविषयी तक्रारी वाढल्याने १९३८ च्या दुरुस्तीने शासकीय नियंत्रण पुन्हा वाढविण्यात आले. स्वातंत्र्यानंतर संपूर्ण विषयाचे एकत्रीकरण करणारा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ अस्तित्वात आला. त्याने प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा शाळा मंडळ स्थापन केले आणि स्वतःच्या शाळा चालविण्यास समर्थ ठरलेल्या नगरपालिकांना ‘अधिकृत नगरपालिका’ असा दर्जा देऊन त्यांची स्वतंत्र शाळा मंडळे मान्य केली. अधिकृत नसलेल्या नगरपालिकांच्या हद्दीतील शाळा जिल्हा शाळा मंडळाकडेच राहिल्या. शहर व शाळा यांच्या सीमा एकच असतील असे नाही, ही स्थिती अशा रीतीने कायद्यानेच निर्माण झाली.

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेला होता. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, जिल्हा शाळा मंडळे संपुष्टात आली आणि त्यांच्या शाळा, शिक्षक व इमारती जिल्हा परिषदांकडे आल्या. तत्कालीन ठाणे जिल्हा हा वसई–डहाणूपासून मुरबाड–शहापूरपर्यंत पसरलेला होता. त्यात आदिवासी पाडे, कोळीवाडे व औद्योगिक शहरे सारखीच अंतर्भूत होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले व १९५७ मध्ये कोसबाड येथे हलविलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र याच जिल्ह्यातील होय. शाळेपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांकडे शाळेनेच गेले पाहिजे, हा त्यांचा व अनुताई वाघ यांचा विचार अंगणवाडी, कुरणशाळा इ. प्रयोगांतून पुढे आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर बोर्डी–कोसबाडचा प्रदेश त्यात गेला. उरलेल्या ठाणे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या कक्षेत भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, मुरबाड व शहापूर या पाच पंचायत समित्या राहिल्या.

प्रशासनाची रचना : जिल्हा परिषदेच्या शाळांसंबंधीची धोरणे शिक्षण समितीत ठरतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली प्राथमिक व माध्यमिक विभागांचे स्वतंत्र शिक्षणाधिकारी असतात. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याच्या मदतीस विस्तार अधिकारी आणि साधारणतः दहा-बारा शाळांच्या गटाला केंद्रप्रमुख अशी उतरंड असून प्रत्यक्ष शाळेचा कारभार मुख्याध्यापक पाहतो. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व शिक्षक-प्रशिक्षण हे विषय राज्याच्या संस्थांकडे आहेत. पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ ही संस्था १९६७ मध्ये स्थापन झाली. ग्रामपंचायतीचा शाळेवर प्रशासकीय अधिकार नसला, तरी पाणी, वीज, स्वच्छता, कुंपण व वर्गखोल्यांची दुरुस्ती या बाबींत तिचे साहाय्य महत्त्वाचे ठरते.

महानगरपालिकांच्या हद्दीत प्राथमिक शिक्षण दीर्घकाळ शिक्षण मंडळांकडे होते. मंडळाचा प्रशासन अधिकारी हा त्या यंत्रणेचा कणा असे. २०१३ मध्ये राज्याने १९४७ चा अधिनियम रद्द करून शिक्षण मंडळे मोडीत काढण्याचे ठरविले व त्यांचे काम मुख्य नागरी प्रशासनात विलीन होऊ लागले. संविधानाच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्यांत (१९९२) या दोन क्षेत्रांतील भेद वेगळ्या रीतीने प्रकट झाला आहे. पंचायतींच्या विषयांची यादी असलेल्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण या विषयाचा स्पष्ट उल्लेख आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत मात्र सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन एवढाच मोघम निर्देश आढळतो.

हद्दी बदलल्या की शाळांचे पालकत्वही बदलण्याचा प्रश्न उपस्थित होतो. कल्याण–डोंबिवली महानगरपालिकेतून २००२ मध्ये २७ गावे वगळण्यात आली व २०१५ मध्ये ती पुन्हा समाविष्ट झाली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वेगळी काढण्याचा निर्णय न्यायालयात टिकला नाही. अशा प्रत्येक बदलाबरोबर शाळेची इमारत व जागा कोणाच्या नावावर, शिक्षकांची सेवाज्येष्ठता कोणत्या यादीत, वेतन व निवृत्तिवेतनाचा भार कोणावर, हे प्रश्न नव्याने सोडवावे लागतात. रस्ता किंवा नळयोजना एका दिवसात हस्तांतरित करता येते. शिक्षकवर्गासह शाळा हस्तांतरित करणे त्याहून गुंतागुंतीचे असते. दरम्यानच्या काळात दुरुस्तीसाठी कोणाकडे जावे, हेच शाळेला कळत नाही.

अर्थव्यवस्था : जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या वेतनाचा भार राज्यशासन अनुदानरूपाने उचलते. महानगरपालिकांना या खर्चाचा साधारणतः निम्मा भाग स्वतःच्या उत्पन्नातून सोसावा लागतो; त्याउलट इमारती, साहित्य, गणवेश इत्यादींवर स्वेच्छेने जास्त खर्च करण्याची त्यांची ऐपत अधिक असते. नागरी मालमत्तांवर महाराष्ट्र शिक्षण (उपकर) अधिनियम, १९६२ अन्वये शिक्षण उपकर आकारला जातो. तो राज्याच्या तिजोरीत जमा होतो. उपनगरी गावांची स्थिती या दोहोंच्या मधली असते. तेथील गोदामे, कारखाने व इमारती यांमुळे ग्रामपंचायतीचे उत्पन्न वाढलेले असू शकते. पण शाळेचे शिक्षक नेमणे वा वाढविणे हे त्या उत्पन्नातून ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही. परिणामी गावाची संपत्ती वाढली तरी शाळेचा शिक्षकवर्ग त्या प्रमाणात वाढत नाही. तो केवळ पटावर अवलंबून राहतो.

पट व शिक्षकसंख्या : शाळेच्या पटावरील मुलांच्या संख्येनुसार शिक्षकपदे मंजूर होतात, या प्रक्रियेस संचमान्यता म्हणतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम, २००९ यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार व १२१ ते २०० मुलांना पाच शिक्षक असावे लागतात. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक आवश्यक असतो. पट हा अशा रीतीने शाळेच्या अस्तित्वाचा आधार ठरतो. पट फुगवून दाखविण्याच्या तक्रारींवरून ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करण्यात आली होती. पुढे विद्यार्थ्यांची नोंद संगणकीय प्रणालीत व आधार क्रमांकाशी जोडून करण्यात येऊ लागली.

दुर्गम भागातील शाळेचा पट मुलेच थोडी असल्यामुळे घटतो. उपनगरी गावात मुले पुष्कळ असूनही सार्वजनिक शाळेचा पट घटू शकतो, कारण स्थिर उत्पन्नाची कुटुंबे आपली मुले खाजगी, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घालतात. स्वयंअर्थसाहाय्यित शाळांसंबंधीच्या २०१२ च्या कायद्यानंतर अशा शाळा काढणे सुलभ झाले. याच वेळी नव्याने आलेली मजूर कुटुंबे वर्षाच्या मध्येच दाखल होतात व मध्येच निघून जातात. संचमान्यता मात्र ठरावीक दिनांकाच्या पटावर होते. त्या दिनांकानंतर आलेल्या मुलांसाठी त्या वर्षी वाढीव शिक्षक मिळत नाही. एकाच शाळेत काही काळ रिकामे बाक व काही काळ दाटीचा वर्ग, असा विरोधाभास त्यामुळे उद्‌भवतो.

शिक्षणाचे माध्यम : भिवंडी परिसर बहुभाषी आहे. मूळच्या आगरी, कोळी, कुणबी, कोकणी मुस्लिम, वारली व कातकरी समाजांच्या जोडीला यंत्रमागाच्या व्यवसायामुळे उत्तर भारतातील व तेलुगू भाषक कामगारांची मोठी वस्ती येथे झाली. भिवंडी शहरात मराठीबरोबरच उर्दू, हिंदी, गुजराती व तेलुगू माध्यमांच्या सार्वजनिक शाळा चालविल्या गेल्या आहेत. ग्रामीण हद्दीत मात्र जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळा मराठी आणि काही उर्दू माध्यमाच्या असतात. घरी भोजपुरी वा अवधी बोलणारे मूल उपनगरी गावात राहत असेल, तर त्याला गावातील मराठी शाळा, शहरातील दूरची हिंदी शाळा किंवा शुल्क घेणारी खाजगी शाळा यांतून निवड करावी लागते. अशी अनेक मुले मराठी शाळेत येतात व दोन-तीन वर्षांत मराठी आत्मसात करतात. आगरी बोली बोलणाऱ्या स्थानिक मुलालाही पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी काहीशी परकीच असते. त्यामुळे पहिलीच्या वर्गात शिक्षकाला बहुभाषी अध्यापनाची जाण असणे येथे विशेष आवश्यक ठरते. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या जिल्हास्तरावर होत असल्याने ही जाण मिळवलेला शिक्षक त्या शाळेत टिकेलच, असे नसते.

शेजारशाळेचे तत्त्व : २००२ च्या ८६ व्या संविधानदुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या २००९ च्या अधिनियमाने तो प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी शासन व ‘स्थानिक प्राधिकरण’ यांवर टाकली. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किमी. व सहावी ते आठवीसाठी तीन किमी. अंतरात शाळा उपलब्ध असावी लागते. आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे, ही स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये होत. वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात बसवावे लागते व त्याची विशेष तयारी करून घ्यावी लागते. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्या सदस्यांत तीन-चतुर्थांश पालक व एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे.

अंतराची मर्यादा नियमांत किलोमीटरांत दिलेली असते. उपनगरी भूगोल मात्र तितका सरळ नसतो. खाडीपलीकडची शाळा नकाशावर जवळ दिसते, पण तिच्याकडे जाण्यासाठी अवजड वाहनांनी भरलेला पूल ओलांडावा लागतो. लहान मुलाच्या दृष्टीने महामार्गापलीकडील अर्धा किलोमीटर हा शेतातील दोन किलोमीटरपेक्षा अधिक धोक्याचा असतो. पूल ओलांडून दुसऱ्या स्थानिक संस्थेच्या शाळेत प्रवेश घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु अशा मुलाची मोजणी त्याच्या राहत्या गावाच्या यादीत व शिक्षण दुसऱ्या संस्थेच्या शाळेत होते. तो शाळेत येईनासा झाला, तर त्याच्या घरी चौकशीस कोणी जावयाचे, हे अनिश्चित राहते. उपनगरी क्षेत्रात मूल शाळाबाह्य होण्याचे हे एक कारण आहे. नकार त्याला कोणीच दिलेला नसतो, पण त्याचा शोध घेणे हे कोणाच्याच नेमक्या कामात बसत नाही.

खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावर २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखण्याची तरतूदही या अधिनियमात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, जवळच शासकीय वा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना यातून वगळले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा बदल रद्द ठरविला व सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. सार्वजनिक शाळा व खाजगी शाळा शेजारीशेजारी असलेल्या उपनगरी भागांना या निर्णयाचे विशेष महत्त्व आहे.

स्थलांतरितांची मुले : भिवंडी तालुक्यात व एकंदर ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांचा व्यवसाय पूर्वापार चालत आला आहे. दिवाळीनंतर कातकरी व इतर भूमिहीन कुटुंबे भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्यामुळे मूल पहिले सत्र गावी शिकते व दुसऱ्या सत्रात भट्टीवर असते. अशा मुलांसाठी ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात वीटभट्ट्यांच्या जागीच भोंगाशाळा चालविल्या. मजूर भट्टीवर राहण्यासाठी उभारतात त्या झोपडीस भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. हंगामी शाळांऐवजी मुलांना जवळच्या नियमित शाळेत सामावून घ्यावे, हे धोरण पुढे स्वीकारले गेले. ते तत्त्वतः योग्य असले, तरी त्याचे यश मुलाची नोंद एका शाळेतून दुसऱ्या शाळेत वेळेवर पोहोचण्यावर अवलंबून असते.

माध्यमिक शिक्षण : महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षण मुख्यत्वे स्थानिक स्वराज्य संस्थांनी, तर माध्यमिक शिक्षण मुख्यत्वे खाजगी अनुदानित संस्थांनी विकसित केले. जिल्हा परिषदेच्या पूर्ण प्राथमिक शाळा परंपरेने सातवीपर्यंत असत. एके काळी मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण होणे हेच नोकरीचे द्वार होते. नव्या रचनेत प्राथमिक टप्पा आठवीपर्यंत नेण्यात आला असला, तरी तो सर्व शाळांत पूर्ण झालेला नाही. सातवी वा आठवीनंतर मुलाला शाळा बदलावीच लागते आणि उपनगरी गावातून ती पुष्कळदा शहरात असते. प्रवासाचा खर्च, रस्त्यावरील वाहतूक व घरातील काम यांमुळे या टप्प्यावर मुलींच्या शिक्षणात खंड पडण्याचा संभव अधिक असतो. शालान्त परीक्षेसाठी ठाणे जिल्हा राज्य मंडळाच्या मुंबई विभागात येतो.

अन्य देशांतील व्यवस्था : इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने निवडून आलेली शाळा मंडळे स्थापन झाली होती; १९०२ मध्ये ती रद्द करून काउंटी व नगर परिषदांना स्थानिक शिक्षण प्राधिकरणे करण्यात आले. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा शाळा मंडळांच्या जागी जिल्हा परिषदा आल्या, त्या बदलाशी याचे साम्य आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याउलट शाळाजिल्हा हे बहुधा नगरपालिकेपासून स्वतंत्र असे शासनाचे एकक असते. त्याचे मंडळ बहुतेक ठिकाणी लोकनियुक्त असते आणि घरे व जमिनी यांवरील कर हे त्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन असते. १९३० च्या सुमारास तेथे सु. १·२७ लाख शाळाजिल्हे होते. एकत्रीकरणाने त्यांची संख्या सु. १३ हजारांवर आली. दुसऱ्या महायुद्धानंतर सुस्थित कुटुंबे उपनगरांत गेल्याने तेथील शाळाजिल्हे संपन्न व शहरांतील जिल्हे निर्धन झाले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये अशा विषमतेस आक्षेप घेतला. पण संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या टेक्ससमधील खटल्यात ती संविधानविरोधी मानली नाही. डेट्रॉइटसंबंधीच्या १९७४ च्या निवाड्याने शहर व उपनगरे यांच्या शाळांचे वांशिक एकत्रीकरण जिल्ह्याच्या सीमेशी थोपविले.

या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. अमेरिकेत सीमारेषा मुख्यतः पैशाची विभागणी करते. महाराष्ट्रात शिक्षकांचे वेतन, अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तके राज्याकडून येत असल्याने ती तीव्र आर्थिक विषमता टळली आहे. येथे सीमारेषेने विभागणी होते ती जबाबदारीची. तेथे उपनगर म्हणजे शहर सोडून गेलेल्या सुखवस्तूंची वस्ती. कोनसारख्या ठिकाणी उपनगर म्हणजे बहुधा शहरात जागा न परवडणाऱ्यांची वस्ती. म्हणूनच तेथे उपनगरी सार्वजनिक शाळा ही प्रतिष्ठेची, तर येथे ती पर्याय नसलेल्यांची शाळा मानली जाण्याचा धोका असतो.

समस्या व उपाय : उपनगरी गावांचे भूमिनियोजन व शाळांचे नियोजन यांची सांगड घालणे ही पहिली गरज आहे. भिवंडीभोवतालच्या गावांच्या एका अधिसूचित क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे नियोजन प्राधिकरण म्हणून काम पाहते. ठाणे–भिवंडी–कल्याण या नियोजित मेट्रो मार्गावर कोनगाव हे एक स्थानक आहे. अशा प्रकल्पांबरोबर लोकसंख्या वाढणार हे उघड असते. शाळेसाठी आरक्षित भूखंड प्रत्यक्ष ताब्यात घेऊन तेथे इमारत उभारण्याचे काम मात्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे वेगळ्याच यंत्रणेकडे असते. नियोजन एका संस्थेने, बांधकाम परवाना दुसऱ्या संस्थेने व शाळा तिसऱ्या संस्थेने पाहावयाची, या विभागणीत शाळा मागे पडते.

दुसरी गरज लगतच्या संस्थांच्या समन्वयाची आहे. जिल्हा परिषद व महानगरपालिका यांनी सीमेवरील वस्त्यांचे बालसर्वेक्षण एकत्र केले, मुलांच्या नोंदी परस्परांना कळविल्या व माध्यमवार शाळांची सोय वाटून घेतली, तर विद्यमान कायद्यातच पुष्कळ सुधारणा साधण्यासारखी आहे. वर्षाच्या मध्यावर पट वाढल्यास तात्पुरता शिक्षक देण्याची सोयही उपयुक्त ठरेल. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार २०२३ मध्ये राज्यस्तरावर पुढे आला. उपनगरी भागात अशा एकत्रीकरणापूर्वी पट कमी असण्याचे कारण तपासणे अगत्याचे आहे. मुले नाहीत म्हणून रिकामी असलेली शाळा व मुले असूनही रिकामी असलेली शाळा यांना एकच उपाय लागू पडत नाही.

तिसरी बाब लोकप्रतिनिधित्वाची होय. २०२२ पासून काही वर्षे राज्यातील बहुसंख्य महानगरपालिका व जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका लांबल्याने त्यांचा कारभार प्रशासकांकडे होता. या काळात शाळेचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी पालकांना लोकनियुक्त शिक्षण समिती उपलब्ध नव्हती. शाळा व्यवस्थापन समितीचे महत्त्व त्यामुळे अधिकच जाणवले. ज्या गावात जुने रहिवासी, नवे भाडेकरू व हंगामी मजूर एकत्र नांदतात, तेथे समितीत केवळ जुन्या रहिवाशांचे प्रतिनिधित्व असणे पुरेसे नाही; शाळेचा वापर प्रत्यक्षात जे करतात त्या पालकांना तिच्यात स्थान मिळणे आवश्यक आहे.

लोकल बोर्डाच्या एक आणा उपकरापासून शिक्षणाच्या मूलभूत हक्कापर्यंत महाराष्ट्रातील सार्वजनिक प्राथमिक शिक्षणाने दीर्घ वाटचाल केली आहे. शाळा गावात असणे हे त्या वाटचालीचे पहिले उद्दिष्ट होते व ते बऱ्याच अंशी साध्य झाले आहे. गावच शहर होऊ लागल्यावर त्या शाळेचे धनी कोण, हा प्रश्न मात्र उपनगरी क्षेत्रात अद्याप पुरतेपणी सुटलेला नाही. खाडीच्या कोणत्याही तीरावरील मुलाला सारखीच शाळा मिळणे, ही या व्यवस्थेच्या यशाची खरी कसोटी होय.